जे उजळेल ते बनावट

पांढरेपणावर माणसाचा जितका विश्वास आहे तितका सत्यावरही नसावा. कारण सत्य तपासून घ्यावे लागते, पांढरेपणा लांबूनही दिसतो. या एका सिद्धान्तावर आपली टोपी, आपली साखर आणि आपली सहकारी चळवळ उभी आहे. (मीठही पांढरेच असते, पण मिठाला कोणी चेअरमन करत नाही.)

माधवनगरच्या श्री निर्मळेश्वर विणकर नागरी सहकारी बँकेत सकाळ ठरलेल्या क्रमाने होत असे. शिपाई सुलाबाई शटर अर्धे वर करून वाकून आत शिरे, झाडलोट करी आणि माठ भरी. उरलेले अर्धे शटर वर नेण्याचा मान मुख्य रोखपालाचा असल्यामुळे ते बुद्धभूषण वाघमारे येईपर्यंत तसेच राही, आणि लवकर आलेले खातेदार बँकेत कमरेतून वाकून प्रवेश करीत. बुद्धभूषण जेवणाचा डबा टेबलाखाली ठेवी, स्पंजच्या वाटीत पाणी घाली, शिक्क्यावरची तारीख एका दिवसाने पुढे सरकवी आणि मग काउंटरवरच्या पत्र्याच्या पेटीचे बटण दाबी. पेटीतली जांभळट नळी दोन-तीनदा डोळे मिचकावून उजळे. तिथून पुढे बँकेत खरे-खोटे सुरू होई.

हा निळा दिवा नोटा तपासण्यासाठी आणलेला होता. त्याचे शास्त्र सरळ होते. खऱ्या नोटेचा कागद त्याच्याखाली गप्प बसतो. बनावट नोट बाजारच्या पांढऱ्याशुभ्र कागदावर छापलेली असते, आणि तो कागद पांढरा करण्यासाठी त्यात घातलेली पूड दिव्याखाली निळी-पांढरी पेटून उठते. माणसांत जो बडबडतो तो नेहमी खोटाच असतो असे नाही. कागदांत मात्र अपवाद नाही. एकदा दिव्यातून न गेलेला एक खोटा भागदाखला बँकेने तारण म्हणून ठेवून घेतला. तेव्हा चेअरमन दादासो घोरपडे यांनी आपल्या सहीने कार्यालयीन आदेश काढला, तो काउंटरवर चिकटवलेला असे : “केवळ नोटाच नव्हे, तर बँकेच्या आवारातील प्रत्येक मौल्यवान वस्तू दिव्याखाली तपासण्यास मुख्य रोखपाल मुखत्यार राहतील. जे उजळेल ते बनावट. त्यावर शिक्का मारून ते जप्त करावे. यात कोणाचाही मुलाहिजा ठेवू नये.” मुलाहिजा या शब्दाखाली दोन रेघा होत्या. त्या दादासोंनी स्वतः मारल्या होत्या.

दादासोंचा अधिकार पांढरेपणावर होता. चेअरमन होण्यापूर्वी ते गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात तीस वर्षे होते आणि त्या काळात त्यांनी पांढरे केलेले कापड पसरले असते तर ते सांगलीपासून खंडाळ्यापर्यंत जाऊन घाटात लोंबले असते, असे ते सांगत. त्यांची टोपी पाहून लोक डोळ्यांवर हात धरीत. ती टोपी, सदरा आणि धोतर पत्नी मनुबाई पांढऱ्या पुडीच्या पाण्यातून काढीत असत. एरवी ते भले गृहस्थ होते. कोणाच्याही मयताला पोहोचत, आणि तिथेही सर्वांत आधी दिसत.

बँकेच्या भिंतीवर तेव्हा एक चित्र होते. १९७३ साली गिरणीच्या फाटकासमोर चिंचेखाली बँकेची स्थापना-सभा झाली. सभेला कॅमेरा आणला होता, पण त्यात रोल घालायचे कोणाच्या वाट्याला आलेले नव्हते. म्हणून मग पाट्या रंगवणाऱ्या गुंडा पेंटरला बोलावून, जे झाले ते चितारायला सांगितले. गुंडा पेंटर म्हणजे बुद्धभूषणचे वडील. जाड हातकागदावर जलरंगात त्यांनी सगळे उतरवले : चिंच, फाटक, संस्थापक मंडळी, चहाची किटली, लाल लुगड्यातली पहिली खातेदार हरणाबाई आणि अगदी कडेला, हातात कप घेतलेले ते स्वतः. त्या दिवशी कपबशा दोन तऱ्हेच्या होत्या आणि पेंटरला दिलेला कानतुटका कप निराळा काढून ठेवलेला होता, ही गोष्ट सभेच्या इतिवृत्तात नाही. चित्रात मात्र सर्वांच्या हातात एकसारखे कप आहेत. बुद्धभूषणने लहानपणी विचारले होते, “आबा, समद्यांचं कप सारकं हुतं व्हय?”

“न्हवतं,” आबा म्हणाले होते. “पर चितरात कप इकत आणावं लागत न्हाईत, बाळा.”

आबा जाऊन आता सहा वर्षे झाली होती. त्यांचा फोटो असा घरात नव्हता. इतरांचे चेहरे रंगवण्याच्या घाईत राहून गेला. रोज शटर वर नेले की बुद्धभूषणला ते कडेला उभे दिसत, कप हातात धरून. त्यांच्याकडे एकदा पाहून तो दिव्याचे बटण दाबी.

सोमवारी हरणाबाई येई. भरणा करून झाला की ती चित्रापुढे उभी राही आणि विचारी, “हाय का रं मी अजून?”

“हाय की मावशी.”

“मग बँक चांगली चाललीय म्हणायची.”

१९९८ साली बँकेला पंचवीस वर्षे पूर्ण झाली आणि रौप्यमहोत्सवी वर्षाच्या आरंभी संचालक मंडळाच्या असे लक्षात आले की, चित्राचा कागद पिवळसर आहे. तो पहिल्यापासूनच तसा होता; परंतु लक्षात येणे ही प्रक्रिया मंडळात पंचवीस वर्षांनी पूर्ण झाली. दादासोंचा पुतण्या यशराज याने नुकतेच साताऱ्याला शाईचे फवारे मारून हवे ते चित्र छापणारे संगणकी यंत्र आणले होते. त्याच्याकडून चित्राची कलात्मक प्रत छापून घेण्यासाठी ‘धवलता उपसमिती’ नेमण्यात आली. उपसमितीने कागदाचे तीन नमुने खिडकीपाशी नेऊन दादासोंच्या टोपीशेजारी धरले. पहिला टोपीपुढे मळका दिसला. दुसरा बरोबरीचा ठरला. तिसऱ्यापुढे टोपीच मळकी दिसली, तेव्हा सर्वांनी आधी दादासोंकडे पाहिले आणि मग तो एकमताने मंजूर झाला.

“काका, ह्यात पावडरच असते आतून,” यशराजने अभिमानाने सांगितले. “काकू टोपीला लावत्यात ना, तसलीच. उजेड पडला की चमकतो.”

“म्हंजे कागद शेवटी कापडाचाच भाऊ,” दादासो म्हणाले. हे वाक्य पुढे महत्त्वाचे ठरणार होते.

कागदाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत सूचना होती : टिकाऊपणासाठी चित्र उजेडापासून दूर ठेवावे. उपसमितीने तिचा साधकबाधक विचार केला. उजेडाने चमकणारी वस्तू उजेडापासून दूर ठेवली तर तिच्या चमकण्याला अर्थ काय, असा मुद्दा निघाला आणि सूचना परप्रांतीय हवामानासाठी असावी असे ठरले. चित्राला काच लावू नये, कारण काचेने धवलता बारा टक्क्यांनी घटते, अशीही शिफारस झाली. (बारा हा आकडा लाभांशाचा होता, तो सर्वांना पाठ होता.)

प्रत आली, पश्चिमेच्या खिडकीसमोर लागली, आणि बँक खरोखर उजळली. संस्थापकांचे सदरे असे चमकत की चेहऱ्यांकडे लक्ष जाऊ नये. हरणाबाईने हात कपाळावर आडवा धरून पाहिले.

“ही मीच व्हय? एवढी गोरी मी कवा हुते गं बाई? हळद लागली तवा बी न्हवते.”

आता प्रश्न उरला मूळ चित्राचा. दोन्ही शेजारी धरून पाहिली तेव्हा ती जुळेनात, आणि प्रत नवीन व जास्त खर्चाची असल्यामुळे चूक मूळ चित्राची आहे हे ओघानेच आले. ठराव झाला : “सदर मूळ चित्र हे त्याच्या प्रतीशी तंतोतंत जुळत नसल्याने कमी करण्यात यावे व अडगळीच्या खोलीत ठेवून, रौप्यमहोत्सव समारोपाच्या दिवशी रद्दीत काढावे.”

बुद्धभूषणने ते घरी नेण्याची परवानगी मागितली. व्यवस्थापक हळहळले. बँकेची मालमत्ता कर्मचाऱ्यास देता येत नाही, ते म्हणाले. नियमच तसा आहे. उंदरांना देण्याबाबत मात्र नियम नव्हता, त्यामुळे चित्र अडगळीत गेले. तेव्हापासून बुद्धभूषण दुपारच्या सुट्टीत आधी तिकडे जाई, चौकटीवरची वाळवी झटके, मागे कडुनिंबाचा ताजा पाला खोची, आणि उरलेल्या वेळात डबा खाई. सुलाबाई पाला आणून देई. कशाला हवा ते तिने एकदाही विचारले नाही.

इकडे प्रतीने आपले काम सुरू केले. पश्चिमेचे ऊन रोज तिच्यावर येई आणि कागदातली पूड चमकून चमकून दमत जाई. उपसमितीच्या सहामाही अहवालात पुढील प्रगती नमूद आहे. पहिल्या तिमाहीत कागदाची चमक गेली आणि तो मूळ चित्राहून अधिक पिवळा झाला. दुसऱ्या तिमाहीच्या प्रारंभी लाल रंगाने राजीनामा दिला. त्यामुळे संस्थापक हिरवट झाले, चिंच निळी झाली, आणि किटलीतून वाफेऐवजी काहीच निघेना. संस्थापकांची उपस्थिती शंभर टक्क्यांवरून एकसष्ट टक्क्यांवर आली. (गणपूर्तीला तेवढी पुरते.) दुसरी प्रत कवठे महांकाळ शाखेत लावली होती. तिकडे ऊन उदार असल्याने गणपूर्तीअभावी सभा पहिल्या तिमाहीतच तहकूब झाली. उपाय म्हणून खिडकीला पडदा लावला, चित्रावरचा ट्यूबलाइट काढला, आणि पाहू इच्छिणाऱ्यांनी कारण नमूद करून अर्ज करावा असे ठरले. जो अर्ज करी त्याला चित्र न पाहण्याची विनंती केली जाई, कारण पाहण्यासाठी पडदा उघडावा लागे आणि त्याने चित्र कमी होई.

हरणाबाईने अर्ज केला नाही. तिने पडदाच ओढला. जिथे तिचे लाल लुगडे होते तिथे फिकट, रिकामी जागा होती. कडेला कप धरलेला माणूसही नव्हता.

“मी कुठं गेले रं?” तिने विचारले. बुद्धभूषण काउंटर सोडून तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. “आन् तुजा बा बी न्हाई. आमाला काडून टाकलं व्हय बँकेतनं? तसं आसंल तर माजं खातं बंद करून दे.”

“मावशी, समारोप होऊ दे. मग बघू.”

“समारोपाला मी येनार. दिसले तर ऱ्हाईन, न्हाईतर पासबुक टाकून जाईन,” असे म्हणून ती गेली. बँकेच्या इतिहासात ठेव काढण्याचे हे कारण प्रथमच नोंदले जाणार होते.

पहिल्या खातेदाराने खाते बंद करणे हे समारोपाच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नव्हते. दादासोंनी रात्रभर विचार केला आणि आपल्या शास्त्राकडे वळले. टोपी पिवळी पडली की पुडीच्या पाण्यातून काढतात. कागदात तीच पूड होती. ती उन्हाने संपली. सबब, कागद पुडीच्या पाण्यातून काढावा. यात चूक काढता येणार नाही, आणि कोणी काढलीही नाही. फक्त मनुबाई म्हणाल्या, “आवं, चित्तर हाय त्ये. धोतार न्हाई.”

“तू धुवायचं बघ. शास्तर मी बघतो.”

समारोप सोमवारी होता. शनिवारी कामकाज संपल्यावर बँकेच्या मागच्या मोरीत मोठी परात मांडली, पुडीचे पाणी केले आणि प्रत तीत बुडवली. सर्वप्रथम चिंच निघाली. तिच्यामागून फाटक, मग उरलेले एकसष्ट टक्के संस्थापक, असा सर्व निळा-हिरवा लोंढा मोरीच्या भोकाकडे निघाला.

“बघा, बघा,” दादासो म्हणाले, “कसला मळ बसला हुता!”

“साहेब, रंग चाललाय,” बुद्धभूषण म्हणाला.

“आरं, वल्लं कापड फिकंच दिसतं. वाळलं की रंग वर येतो. मी तीस वर्सं मांजरपाट बघितलाय. ठेव काउंटरवर वाळत, आन् सोमवारी सकाळी आल्या-आल्या खिळ्याला लाव.” असे सांगून ते समाधानाने घरी गेले.

सोमवारी सकाळी सुलाबाईने शटर अर्धे वर केले. बुद्धभूषणने उरलेले वर नेले. डबा ठेवला, वाटीत पाणी घातले, तारीख सरकवली, बटण दाबले. नळीने डोळे मिचकावले, आणि काउंटरवर वाळत पडलेला कागद एकदम असा पेटला की सुलाबाईने झाडू टाकला. त्यावर चिंच नव्हती, सभा नव्हती, मनुष्यमात्र नव्हता. होती ती केवळ धवलता, या काठापासून त्या काठापर्यंत.

बुद्धभूषण कागदाकडे पाहत राहिला. मग त्याची नजर दिव्याशेजारच्या आदेशाकडे गेली. तो त्याने रोज वाचलेला होता. पण आज प्रथमच संथपणे, एकेक शब्द करून वाचला. बँकेच्या आवारातील प्रत्येक मौल्यवान वस्तू. मुख्य रोखपाल मुखत्यार. तो अडगळीच्या खोलीत गेला आणि आबांचे चित्र घेऊन आला. चौकट पुसली, मागचा पाला काढला आणि चित्र निळ्या दिव्याखाली तसूतसूने सरकवले. चिंच गप्प होती. फाटक गप्प होते. हरणाबाई, जी आयुष्यात कधी गप्प बसली नव्हती, तीही गप्प होती. शेवटी कप हातात धरलेला माणूस दिव्याखाली आला आणि अंधारात नुसताच उभा राहिला, खऱ्या नोटेसारखा.

बुद्धभूषणने धुतलेल्या कोऱ्या कागदावर ‘बनावट’ असा शिक्का मारला, खाली सही केली आणि तो घडी घालून तिजोरीत जप्त केला. मग स्टुलावर चढून खिळ्याला चित्र लावले. स्टूल सुलाबाईने धरले होते.

“वाकडं झालंय,” ती म्हणाली. “तुमच्या वडलांच्या अंगाला जरा वर घ्या.”

दहा वाजता पाहुणे आले, संचालक आले, टोपीमागून दादासो आले. रद्दीवालाही दारात येऊन उभा राहिला. वेळ पाळणारा तो एकटाच होता. दादासोंनी खिडकीचा पडदा बाजूला ओढला. लाल लुगडे होते. किटलीतून वाफ निघत होती.

“बघा!” दादासोंचा आवाज भरून आला. “सांगत हुतो का न्हाई? एका धुण्यात मानसं परत आली!”

टाळ्या झाल्या. धवलता उपसमितीच्या अभिनंदनाचा ठराव उभ्याउभ्याच मांडून मंजूर झाला, आणि त्यात पुडीचाही आदरपूर्वक उल्लेख करण्यात आला. हरणाबाई चित्राजवळ गेली, स्वतःला शोधले आणि कडेच्या माणसाकडे बोट केले. “गुंडा बी हाय,” ती म्हणाली, आणि पासबुक पिशवीत परत ठेवले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण दादासोंनी डोळे बारीक केले.

“कागद जरा पिवळट ऱ्हायलाय,” ते म्हणाले. “बुद्धभूषण, शनवारी परात काड. आजून एक हात फिरवू.”

बुद्धभूषणने चित्राकडे पाहिले. आबांच्या हातातला कप त्याला मोरीच्या दिशेने निघालेला दिसला. दादासो पाहुण्यांना पिवळी जागा दाखवण्यासाठी काउंटरवर रेलले, हात लांब केला, आणि त्यांची बाही निळ्या दिव्याखाली आली.

बाही मनगटापासून खांद्यापर्यंत पेटली. टोपीची कड पेटली. त्या उजेडात पाहुण्यांचा चष्मादेखील चमकला.

“आगं बया!” हरणाबाई ओरडली. “दादासो, तुमी तर ट्यूबलाइटवानी पेटलासा!”

कोणी हसले नाही. सर्वांच्या नजरा बाहीवरून हळूहळू शेजारच्या आदेशाकडे गेल्या, आणि दोन रेघा मारलेल्या शब्दापाशी थांबल्या. दादासोंनीही तो वाचला. सही ओळखीची होती. त्यांनी मान वर केली. समोर बुद्धभूषण उभा होता, आणि त्याच्या हातात, सकाळपासून काउंटरवरच राहिलेला, ‘बनावट’चा शिक्का होता.

“साहेब,” बुद्धभूषण अदबीने म्हणाला, “चित्र शनिवारी धुवायचं म्हणालात?”

दादासोंनी शिक्क्याकडे पाहिले.

“न्हाई,” दादासो म्हणाले. “हाय त्ये बरं हाय. ऱ्हाऊ द्या तसंच.”

बुद्धभूषणने शिक्का खणात ठेवला, डाव्या हाताने बटण दाबले, आणि दिवा बंद केला. दादासो पूर्ववत पांढरे झाले. रद्दीवाला रिकाम्या हाताने परत गेला.

चित्र अजून त्याच भिंतीवर आहे. फक्त खिडकीच्या उन्हापासून जरा बाजूला सरकवले आहे. दिवाही आहे. मात्र त्या दिवसापासून बँकेत एक प्रथा पडली, तिचा आदेश कुठेही लावलेला नाही. स्वच्छ, शुभ्र, नीटनेटके कपडे घातलेले सद्गृहस्थ काउंटरपाशी येऊ लागले की बुद्धभूषण डाव्या हाताने बटण दाबून दिवा बंद करतो, आणि ते गेल्यावर पुन्हा लावतो. कोणाला चारचौघांत पेटवू नये, एवढाच हेतू. मागच्या खेपेस आपण आला होतात तेव्हाही दिवा बंदच होता. आपल्या लक्षात आले नसेल.